बिबट्याची नव्हती ती पिल्लं

आज बाजारभाव नाही, फवारणी नाही. आज बांधातल्या बिळांबद्दल लिहितो.

जानेवारीत आमच्या उसाला तोड चालू होती. चार-पाच सऱ्या राहिल्या असतील, तेवढ्यात तोडणीवाली बाई ओरडली, "अण्णा, बिबट्याची पिल्लं!" कोयते टाकून सगळे रस्त्याला पळाले. आपल्या आंबेगाव-जुन्नरला उसात बिबट्या नवा नाही, त्यामुळं कुणाला दोष देणार? मी वनखात्याला फोन लावला. ते आले, वाकून बघितलं अन् म्हणाले, "ही वाघाटीची पिल्लं आहेत."

वाघाटी म्हणजे जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी एक. पूर्ण वाढली तरी वजन एक-दीड किलो, म्हणजे घरच्या मांजरापेक्षाही लहान. राखाडी अंग, त्यावर तांबूस ठिपके. भारत, श्रीलंका अन् नेपाळ सोडून जगात कुठंच नाही. वन्यजीव कायद्यात वाघ-बिबट्याच्याच पहिल्या अनुसूचीत आहे. अन् रात्रभर करते काय, तर उंदीर धरते. आपल्याच रानात.

पिल्लं क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवली, तोड थांबवली. सकाळी क्रेट रिकामं. आई घेऊन गेली.

आता खरी गोष्ट. त्याच दिवशी माझ्या शेडमध्ये उंदराच्या औषधाच्या वड्या आणलेल्या होत्या. शेजारच्या बटाट्यात घुशीनं वरंबे पोखरले होते. मागच्या साली दिसंल त्या बिळात वडी टाकली होती. आठवड्यानं विहिरीजवळ एक गव्हाणी घुबड मेलेलं सापडलं. औषधानंच मेलं, असं छातीठोक सांगत नाही. पण ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. चार-पाच दिवस सुस्त होऊन फिरतो, अन् सुस्त उंदीर आधी घुबडाला, मांजराला सापडतो. त्याच्या पोटातलं विष मग त्यांच्या पोटात.

वड्या तशाच ठेवल्या अन् आधी बिळं बघत फिरलो. पन्नाशी उलटली तरी मला सगळे उंदीर सारखेच वाटायचे. तसं नाही बरं का.

बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग, तोंड बहुतेक बुजवलेलं, तर ती छोटी घूस. पाण्याच्या बांधात, उसात हीच. धान्य आत ओढून साठवते. खरं नुकसान हिचं.

कोरडवाहू माळाला, सातगाव पठारासारख्या रानात शेपटीला काळा झुबका असलेला, उड्या मारत पळणारा उंदीर दिसतो. तो वेगळा. काळ्या रानाच्या भेगांत मऊ केसांचा उंदीर राहतो. बांधाला अगदी बारीक बीळ दिसलं तर ते अंगठ्याएवढ्या उंदराचं.

अन् चिचुंद्री? ती उंदीरच नाही. लांब तोंडाची, वास मारणारी ती मुख्यतः किडे, अळ्या खाते. तिला मी आजवर फावड्यानं मारत आलो.

मग काय केलं ते सांगतो. संध्याकाळी बांधाची सगळी बिळं बुजवली, ३१ भरली. सकाळी उघडलेली फक्त ९. म्हणजे बाकी २२ बिळांत मी मागच्या साली फुकट विष घातलं असणार. त्या ९ जागी खोदलं, पिंजरे लावले. गवत काढून बांध अरुंद केला, कारण रुंद बांध म्हणजे घुशीचा वाडा.

नुकसान झालं नाही असं नाही. पाच-सहा पाट्या बटाटा गेलाच. पोरगा म्हणाला, "आण्णा, मांजरापायी बटाटा घालवला." त्याचंही खोटं नाही, खर्च त्यालाच बघावा लागतो. पण घूस परत येणारच, अन् तिला रोज रात्री फुकटात धरणारं कोणी रानात राहिलं नाही तर दर साली वड्या आणायच्या. हा हिशोब मी त्याला मांडून दाखवला. अजून पुरता पटलेला नाही.

उसात पिल्लं दिसली तर हात लावू नका, फोटोला गर्दी करू नका. तोड थांबवा अन् वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन करा.

तुमच्या बांधावर सकाळी किती बिळं उघडतात, मोजून खाली लिहा.