चार भोकांची गोष्ट

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीत सलग दोन पानं लिहायची वेळ दहावीनंतर आजच येतेय. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घालाव्यात ही विनंती.

तर विषय आहे आपल्या होस्टेलच्या गेटवरचा दिव्यांचा बोर्ड. जुलै आला की त्याला आतून घाम फुटतो, खालच्या ओळीतली अक्षरं विझतात आणि मेसच्या रांगेत कुणीतरी हमखास विचारतं, "मासे कधी सोडणार?" सगळे हसतात. मीही हसते. पण माझ्या पोटात गोळा येतो. का, ते सांगते.

माझ्या बाबांचं चिपळूणला बोर्ड बनवायचं दुकान आहे. आधी ते ब्रशने पाट्या रंगवायचे, मग फ्लेक्स आलं, आता ॲक्रिलिक नि एलईडी. शाळेच्या फॉर्मवर मी मात्र 'बिझनेस' असं लिहायचे. 'पेंटर' लिहायची लाज वाटायची.

गेल्या मे महिन्यात सेकंड इयर संपवून घरी गेले, तेव्हा एका मेडिकलचा बोर्ड तयार होत होता. ८ फूट बाय ३ फूट, ६ इंच खोल. बाबांनी तळाच्या पत्र्याला चार भोकं पाडलेली. म्हटलं, काय हे! पावसात राहणारा बोर्ड आणि बुडाला भोकं? आयपी ६५ म्हणजे पाण्याचे फवारे मारले तरी चालतं, हे मी नुकतंच वाचलेलं. बाबा जेवायला गेल्यावर सिलिकॉनची गन उचलली, चारही भोकं बुजवली आणि कडांवरूनही एक हात फिरवला. त्यांना सांगितलं नाही. इंजिनिअर ना आम्ही!

गणपतीला घरी गेले तर मेडिकलवाल्यांचा फोन. बोर्ड लावला की ईएलसीबी पडतो. बाबा शिडीवर चढले, मी खाली शिडी धरून. मेन स्विच बंद करून त्यांनी समोरची शीट सैल केली आणि आतून दीड-दोन तांबे पाणी त्यांच्या हातावरून माझ्या डोक्यावर आलं. वायरींचे जोड पाण्यात बुडालेले, एसएमपीएसला गंज. दुकानातला पोऱ्या म्हणाला, "परवाच ओल्या फडक्याने पुसला मी बोर्ड." बाबा काही बोलले नाहीत. त्या ३० मिलिअँपिअरच्या ईएलसीबीकडे फक्त बघून घेतलं.

घरी येऊन मी कबूल केलं. बाबा एवढंच म्हणाले, "गो बाय, ती भोकं पाणी आत यायला नव्हती. बाहेर जायला होती."

त्या रात्री वही घेऊन बसले. डब्यात साधारण ३४० लिटर हवा. दिवे लागले, आतली हवा २५ अंशांवरून ४० वर गेली की ती ५ टक्के फुगते. म्हणजे १७ लिटर हवा कुठून तरी बाहेर पडते. रात्री दिवे बंद झाले की तेवढीच परत आत. डबा रोज श्वास घेतो! सिलिकॉनने तो थांबत नाही, कारण तेवढ्याच फरकाने ८ फुटी ॲक्रिलिक अडीच मिलिमीटर वाढतं आणि पत्रा अर्धा मिलिमीटरही नाही. रोजच्या या ओढाताणीत सिलिकॉन कुठेतरी सुटतंच. आणि त्या फटीवर पावसाचं पाणी उभं असेल तर हवेऐवजी पाणीच आत ओढलं जातं, स्ट्रॉने ओढल्यासारखं. वाफ येते ती वेगळीच. आलेलं पाणी जाणार कुठे? वाट मीच बुजवलेली.

बाबांच्या पद्धतीला मग पुस्तकातली कारणं सापडत गेली. भोकं तळाला, कोपऱ्यांत, ८ मिलिमीटरची, कारण बारीक भोकात थेंब अडकून बसतो. आतून बारीक जाळी, नाहीतर गांधीलमाश्या घर करतात. हवा पावसाचं पाणी न ओढता या भोकांतूनच येते-जाते. वायर खालून आत, तीही आधी खाली झोळ देऊन, म्हणजे पाणी झोळावरून टपकतं. एसएमपीएस तळापासून वर. डब्याला अर्थिंग. हे सगळं त्यांना कुणी शिकवलं? दरवर्षीच्या पावसाने.

बाबांनी नवीन माल स्वतःच्या खर्चाने बसवला. भोकं मात्र माझ्याकडून पाडून घेतली.

आता मुद्द्याचं. आपला गेटवरचा बोर्ड मी टॉर्च घेऊन खालून पाहिलाय. एकही भोक नाही, सगळीकडे सिलिकॉनचे थर. आणि तो लोखंडी गेटच्या खांबावरच आहे, ज्याला आपण रोज ओल्या हातांनी टेकून उभे राहतो. रेक्टर सरांना विनंती, की आधी वायरमनमामांकडून अर्थिंग नि ईएलसीबी तपासून घ्यावं आणि मेन स्विच बंद करून चार भोकं पाडायची परवानगी द्यावी. ड्रिल मी आणते.

माझी लायकी विचारलीत तर फॉर्मवर लिहीन: वडिलांचा व्यवसाय, बोर्ड पेंटर.