हसून दाखवा

तान्हं मूल झोपेत हसलं, की आजी म्हणायची, "सटवाई हसवतेय गं." कपाळावर लेख लिहून झाल्यावरही सटवाई काही दिवस बाळाशी खेळायला येते, ती हसवते, तीच रडवते, ही तिची पक्की समजूत. सव्वा महिना उलटला आणि मूल तोंडाकडे टक लावून बघून हसलं, की मात्र "आता आपल्याला हसलं" म्हणून तीच मोहरून जायची. माणसाला ओळखून हसायला बाळाला 6 ते 8 आठवडे लागतात, असं डॉक्टर सांगतात. आजीचा अंदाज फारसा चुकीचा नव्हता.

पाळण्यातलं हे निर्धास्त हसणं मुलींच्या वाट्याला फार काळ येत नसे. नाशकात, पंचवटीतल्या आमच्या वाड्यात मी वाढले. तिथे हसण्यासाठी जितके शब्द होते, त्यातले बहुतेक दटावणीचे. "दात काढू नकोस." "खिदळायला काय झालं?" "फिदीफिदी काय हसतेस?" "बत्तीशी मीट आधी." पाहुणे आले की गालातल्या गालात हसायचं, पदर असलेल्या बायकांनी तो तोंडावर धरायचा. माझा भाऊ खो खो हसला, की त्याच आजीच्या तोंडून "पोरगं कसं दिलखुलास आहे" असं कौतुक निघे. आजी दुष्ट मुळीच नव्हती. तिला लहानपणापासून जे माप घालून दिलं होतं, तेच ती आम्हाला घालत होती.

ते माप किती जुनं आहे, हे मला कॉलेजात कळलं. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याच्या सहा पायऱ्या आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. स्मितात गाल किंचित फुलतात आणि दात दिसत नाहीत. हसितात दात जरासे दिसतात. असं करत करत अतिहसितापर्यंत गेलं, की डोळ्यांत पाणी येतं, आवाज चढतो, हात कुशीवर जातात. पहिल्या दोन पायऱ्या उत्तम प्रकृतीच्या माणसांसाठी, मधल्या दोन मध्यमांसाठी, शेवटच्या दोन अधमांसाठी. भरताने हे नटांसाठी लिहिलं, रंगमंचावर कोण कसा हसेल हे कळावं म्हणून. आजीने भरताचं नावही ऐकलं नव्हतं, पण आमच्या ओसरीवर तीच उतरंड चालू होती. शेवटच्या पायरीवरच्या हसण्याला अधम म्हणणं मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. पोट धरून हसणाऱ्या माणसाइतकं निष्कपट मला दुसरं कुणी दिसलेलं नाही.

या सगळ्या दटावणीच्या मुळाशी धाक होता तो हसं होण्याचा. "लोक हसतील" या दोन शब्दांनी आमच्या वाड्यातली किती लग्नं ठरली, किती शिक्षणं थांबली, किती दुखणी लपवली गेली! लोकांचं हसणं टाळण्यासाठी घरातलं हसणं आवरायचं, असा तो व्यवहार होता. मी पुढे शाळेत शिकवायला लागले, तेव्हा मुलींच्या बाकांवर खसखस पिकली की मी मुद्दाम थांबत असे आणि त्यांना पुरतं हसू देत असे.

पण बायका हसत नसत असं नाही. त्या गंगेवर हसत. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. सकाळी आई आणि शेजारणी धुण्याच्या बादल्या घेऊन घाटावर उतरत, कधीकधी मीही मागोमाग जाई. पायरीवर लुगड्याचा पिळा आपटत कुणीतरी सासूची नक्कल करी, कुणी नवऱ्याच्या घोरण्याची. मग जे हसणं उसळे, ते थेट सहाव्या पायरीचं. एक मावशी होत्या, आईच्या खास मैत्रीण. त्या हसायला लागल्या की हातातला साबण निसटून पाण्यात जायचा आणि त्यावरून पुन्हा हसणं. आई मान मागे टाकून, तोंड पूर्ण उघडून, डोळे मिटून खदखदा हसत असे. तिची डावीकडची एक दाढ पडलेली होती, हे मला घाटावरच कळलं, कारण घरात ती कधी दिसलीच नव्हती. धुणं पिळून झालं, बादल्या उचलल्या, की वाड्याचं दार येईपर्यंत तिचा चेहरा पुन्हा मिटलेला असे.

आई-वडिलांच्या लग्नानंतरचा स्टुडिओतला एक फोटो आहे. वडील खुर्चीत, आई शेजारी उभी, दोघंही परीक्षेला बसल्यासारखी गंभीर. जुन्या फोटोत कुणी हसत नाही, कारण काचेवर चित्र उमटायला फार वेळ लागे आणि तितका वेळ हसू धरून ठेवता येत नसे, असं म्हणतात. सुरुवातीच्या काळात ते खरंही होतं. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोरड्या प्लेटा रुळल्या आणि क्षणभरात फोटो निघू लागले. यंत्राची अडचण संपली, तरी चेहरे तसेच राहिले. फोटो म्हणजे मागे उरणारी गोष्ट, तिथे भारदस्तच दिसलं पाहिजे, ही समजूत यंत्रापेक्षा चिवट निघाली.

म्हणून मला नाशकातलं एक हसणं फार मोलाचं वाटतं. त्र्यंबकला 1870 साली जन्मलेले दादासाहेब फाळके आधी छायाचित्रकार होते. त्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटात तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने केली, कारण पडद्यावर यायला बाई मिळेना. मग त्यांनी नाशकात 1913 मध्येच 'मोहिनी भस्मासुर' केला आणि त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला, पुढच्या कमलाबाई गोखले, या मायलेकी उभ्या राहिल्या. हे बहुतेकांना ठाऊक असतं. 1919 च्या 'कालिया मर्दन'ची सुरुवात मात्र बरेचजण विसरतात. बाळकृष्णाची भूमिका फाळक्यांच्या मुलीने, मंदाकिनीने केली. कथा सुरू होण्याआधी सात वर्षांची ही मुलगी थेट कॅमेऱ्यासमोर येते आणि चेहऱ्यावरचे भाव, हसूसुद्धा, एकामागून एक करून दाखवते. नंतर तीच मुलगी कृष्ण होते. या चित्रपटाचा बराचसा भाग वाचला आहे आणि तो पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपला आहे.

मी तो तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला आहे. पोर कुणालाही घाबरत नाही. तिचा चेहरा जराही राखून ठेवलेला नाही. आणि "बत्तीशी मीट" म्हणण्याऐवजी तिचा बाप कॅमेऱ्यामागे उभा राहून तिचा सगळा चेहरा मागतो आहे, तोही आमच्याच गावात, माझ्या आजीच्या पिढीत. पहिला चित्रपट काढणारे फाळके थोर आहेतच. मला मात्र हे फाळके अधिक जवळचे वाटतात.

आईला अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा डॉक्टरांनी पलंगाशी येऊन पहिलं वाक्य उच्चारलं ते हेच, "आजी, हसून दाखवा." झटका ओळखायची ती पहिली खूण असते. आईने ओठ फाकवायचा प्रयत्न केला. डावी बाजू वर गेली, उजवी जागची हलली नाही. पुढे व्यायाम शिकवायला बाई येऊ लागल्या. आरसा समोर धरून गाल फुगवायचे, ओठ ताणायचे, दात दाखवायचे. आई सगळं मनापासून करी आणि उजवा कोपरा लोंबतच राही. तिची नात शेजारी बसून तिच्याबरोबर तोंडं वेडीवाकडी करायची, तरी उपयोग नव्हता.

एका दुपारी घाटावरच्या मावशी भेटायला आल्या. आता त्याही काठी टेकत चालत होत्या. बसल्या, आईचा हात हातात घेतला आणि काही विचारपूस न करता सासूची ती जुनी नक्कल सुरू केली, तोच आवाज, तोच नाक वर करायचा झटका. आई हसली. तोंडाचे दोन्ही कोपरे सारखे वर गेले होते.

डॉक्टरांना हे सांगितलं, तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. सांगून केलेलं हसू आणि आतून आलेलं हसू मेंदूतून वेगवेगळ्या वाटांनी चेहऱ्यापर्यंत येतं. झटक्याने एक वाट बंद पडली, तरी काहींच्या बाबतीत दुसरी शाबूत राहते. द्युशेन नावाच्या फ्रेंच वैद्याने 1862 मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे हलके झटके देऊन अभ्यास केला होता आणि त्याचं म्हणणं होतं, की गालाचा स्नायू सांगितलं की हलतो, डोळ्यांभोवतीचा मात्र खऱ्या आनंदाशिवाय आकसत नाही. मी ते नंतर वाचलं. त्या दुपारी एवढंच दिसत होतं, की नव्वदीकडे झुकलेल्या दोन बायका वाड्यातल्या खोलीत, दार सताड उघडं ठेवून, खदखदा हसताहेत. आवाज चौकात पोचला होता. खालून कुणीतरी "काय झालं?" म्हणून विचारलं आणि मावशींनी खिडकीतून डोकावून त्यांनाही ती नक्कल पहिल्यापासून करून दाखवली.