छबीलला मराठीत काय म्हणायचं

एका हिंदी कथेचा अनुवाद चालू होता. कथेत एक साधं वाक्य होतं. मुलगा बसमधून उतरतो, छबीलवर दोन ग्लास पितो आणि चालू लागतो. 'पाणपोई' हा शब्द लगेच हाताशी आला, पण लिहून पाहिल्यावर मुलगा दिल्लीतून उठून थेट सोलापूरच्या एसटी स्टँडवर येऊन उभा राहिला. शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेला रांजण, वर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' अशी पाटी, ओगराळ्याने पाणी ओतणारा एक कंटाळलेला पोरगा आणि समोर ओंजळ धरून वाकलेली माणसं. हे सगळं त्या एका शब्दाबरोबर येतं. छबीलमध्ये यातलं काहीच नसतं.

ज्यांनी छबील पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. जून महिना. नोएडात या दिवसांत सकाळी नऊलाच डांबर मऊ व्हायला लागतं. २०२४च्या मे अखेरीस पलीकडे दिल्लीत सफदरजंगचा पारा ४६.८वर गेला होता. अशा दिवसात सेक्टरच्या चौकात एक मांडव पडतो. प्लॅस्टिकच्या निळ्या पिंपांत बर्फाची लादी, पाणी, दूध, साखर आणि गुलाबी सरबत. पंजाबी माणूस त्याला कच्ची लस्सी म्हणतो. शीखांचे पाचवे गुरू अर्जनदेव १६०६ साली लाहोरला शहीद झाले. त्यांना तापल्या तव्यावर बसवलं, अंगावर तापलेली वाळू ओतली, असं परंपरा सांगते. त्या आठवणीला हे गार पाणी. आणि ते गुलाबी सरबत बहुतेक वेळा रूह अफ़्ज़ा असतं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुन्या दिल्लीत एका मुसलमान हकिमाने बनवलेलं.

पण मला अडवलं ते वेगळ्याच गोष्टीने. पाणपोईवर तहानलेला माणूस चालत जातो. छबीलमध्ये पाणी माणसाकडे येतं. दहा-बारा वर्षांची पोरं डोक्याला रुमाल बांधून, हातात ग्लासांचे ट्रे घेऊन भर रस्त्यात उभी राहतात, बस थांबवतात, ई-रिक्षा थांबवतात, एसी लावलेल्या गाडीच्या काचेवर टकटक करतात. 'नको' म्हणायची सोय नाही. तहान आहे का, हे कुणी विचारतच नाही. मराठी माणसाला आधी हे जरा अंगावर येतं. आपल्याकडे दान शांतपणे एका जागी बसलेलं असतं, त्याच्याकडे जाणं हे घेणाऱ्याचं काम. इथे देणाराच धावतो. पाणी तेच, पण वाक्यातला कर्ता बदलला. अनुवाद करणाऱ्याला एवढं पुरेसं असतं. मी 'छबील' तसाच ठेवला आणि मुलाच्या हातात ट्रेवरचा ग्लास दिला, म्हणजे वाचणाऱ्याला समजेल.

शब्दाच्या मागे लागलं की तो कुठे नेईल सांगता येत नाही. छबील हे मुळात अरबी 'सबील'. सबील म्हणजे वाट, आणि त्यावरून ईश्वराच्या वाटेवर ठेवलेलं पाणी. मोहरममध्ये करबलाच्या तहानेची आठवण म्हणून जिथे सरबत वाटतात, ती सबीलच. पंजाबीत येता येता तिची छबील झाली. सोलापुरात लहानपण गेलेल्या माणसाला हे ऐकून फार आश्चर्य वाटू नये. आमच्या पेठेत मोहरमचं सरबत मिळायचं, ते सगळ्याच घरांतली पोरं प्यायची. शेजारच्या विणकर घरांत तेलुगू बोलत, ती मंडळी पाणपोईला चलिवेंद्रम म्हणत. कन्नडमध्ये अरवट्टिगे, तमिळमध्ये तण्णीर पंदल, बंगालीत जलसत्र, गुजरातीत परब, संस्कृतात प्रपा. तुलनात्मक साहित्याच्या वर्गात आम्ही 'भारतीय साहित्य एक की अनेक' यावर तास न् तास घालवले. त्यापेक्षा ही यादी फळ्यावर लिहिली असती तर वेळ वाचला असता, असं आता वाटतं.

छबीलच्या मागेपुढेच ज्येष्ठातली निर्जला एकादशी येते. आपल्याकडे आषाढीपुढे तिला कोण विचारतं! इथे मात्र त्या दिवशी पुन्हा चौकाचौकांत मांडव. ज्यांनी स्वतः दिवसभर पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, तेच रस्त्यावर उभे राहून दुसऱ्यांना पाजत असतात. माझ्या ओळखीची एक बाई कोरड्या ओठांनी, घशाशी आलेल्या आवाजात, 'लो जी, पी लो' करत दुपारी दोनपर्यंत उभी असते. पुण्य वगैरे मला फारसं कळत नाही. पण तहान म्हणजे काय हे माहीत असलेल्याच्या हातून पाणी घेणं वेगळं असतं.

आता माझ्या गेटची गोष्ट.

नोएडा हे नाव म्हणजे इंग्रजी अक्षरांची जुळणी, १९७६ साली स्थापन झालेल्या औद्योगिक प्राधिकरणाचं संक्षिप्त रूप. सरकारी टिपणीतून जन्मलेल्या या शहरात नळाच्या पाण्याला मात्र 'गंगाजल' म्हणतात. काव्य म्हणून नाही. गंगेच्या वरच्या कालव्यातून येणारं पाणी ते गंगाजल, जमिनीतलं खारट ते साधं. 'आज गंगाजल नहीं आएगा' अशी नोटीस लिफ्टमध्ये लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास कालवा सफाईसाठी बंद होतो तेव्हा तर हमखास. माझी आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा ती नोटीस वाचून थक्क झाली. तिच्या देवघरात काशीहून आणलेला लाखबंद गडू तीस वर्षं न उघडता ठेवलेला आहे, आणि इथे त्याच पाण्याने गाड्या धुतात. "एकनाथांनी बरं केलं बाई," ती म्हणाली. काशीची कावड रामेश्वरला न नेता वाटेत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, ती कथा तिला म्हणायची होती.

तर आमच्या वसाहतीच्या मागच्या गेटपाशी दोन माठ आहेत. ते तळमजल्यावरच्या आंटीजींचे. वय पंच्याऐंशीच्या आसपास. होळी झाली की त्या कुंभाराकडून नवे माठ आणतात, खाली वाळू घालून ठेवतात, सकाळ-संध्याकाळ भरतात. हे गेट म्हणजे डिलिव्हरीवाल्या मुलांचं, घरकामाला येणाऱ्या बायकांचं, प्लंबर-इलेक्ट्रिशियनचं. दहा मिनिटांत सामान पोचवायच्या शर्यतीत असलेली मुलं हेल्मेट न काढताच पाणी पितात. काही जणी दिवसाला पाच-सहा घरं करतात. प्रत्येक घरात पाणी मिळत नाही असं नाही. पण काही घरांत त्यांचा ग्लास वेगळा असतो, ओट्याच्या कोपऱ्यात पालथा घातलेला, आणि त्या ग्लासातून पिण्यापेक्षा गेटवर थांबणं बरं, असं त्यातल्या एकीने मला अगदी सहज सांगितलं होतं.

मागच्या वर्षी समितीने नोटीस काढली. माठांमुळे डास होतात, गेटवर गर्दी होते, सुरक्षेचा प्रश्न आहे, माठ हलवावेत. त्याऐवजी गार्डरूमजवळ एक वॉटर कूलर बसवण्यात येईल. कूलर आलाही. त्यावर पाटी आहे: 'केवल स्टाफ़ के लिए'. डिलिव्हरीवाला मुलगा आमचा स्टाफ नाही, रोज बदलणारा प्लंबर नाही. तहान लागण्याआधी आपण कुणाचे कोण हे ठरवून घ्यायचं.

सभेत मी बोलले. डासांचं उत्तर सोपं होतं: माठ झाकलेले असतात, पाणी दिवसातून दोनदा बदलतं. सुरक्षेचं उत्तर मला देता आलं नाही, कारण प्रश्न सुरक्षेचा नव्हताच. एक सद्गृहस्थ म्हणाले, "मॅडम, आपण चांगुलपणा दाखवायलाच पाहिजे, पण शिस्तीत." मला महाड आठवलं. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले झाले. कागदावर. २० मार्च १९२७ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा तो ठराव किती ओला आहे ते कळलं. नंतर तळं 'शुद्ध' करून घेण्यात आलं, आणि कोर्टाचा शेवटचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. त्याच्याही कितीतरी आधी, १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. हौद फुल्यांचा स्वतःचा होता, तळं सगळ्यांचं होतं. एकाने स्वतःचं दिलं, दुसऱ्याने जे मुळात लोकांचंच होतं ते मागितलं. मराठीत या दोन्ही गोष्टी झाल्यामुळे आपल्याला पाणपोईकडे भाबडेपणाने बघता येत नाही. रांजणावर बसलेला तो पोरगा ओगराळ्यातून इतकं वरून पाणी का ओतायचा, हे लहानपणी कळत नव्हतं.

हे सगळं मी सभेत म्हटलं नाही. चौथ्या मजल्यावरच्या पार्किंगचा विषय बाकी होता आणि लोकांना घरी जायचं होतं.

आंटीजी सभेला आल्याच नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी गार्डला हाताशी धरलं. हा गार्ड महोब्याचा, बुंदेलखंडातला, जिथे हातपंपाला पाणी येणं ही बातमी असते. दोघांनी मिळून माठ उचलले आणि गेटच्या बाहेर, फुटपाथवरच्या कडुनिंबाखाली नेऊन ठेवले. मोजून सहा पावलं. ती जागा प्राधिकरणाची, समितीची नाही. "अब लिखें नोटिस," आंटीजी म्हणाल्या.

त्यांना विचारलं, एवढा हट्ट कशासाठी? त्यांनी एकदम उत्तर दिलं नाही. मग झांगचं स्टेशन सांगायला लागल्या. झांग आता पाकिस्तानात. फाळणीआधी त्या तिथे सहा-सात वर्षांच्या होत्या. फलाटावर दोन घडे असत, दोन पाणी देणारे असत, आणि आवाज येई: हिंदू पानी, मुसलमान पानी. हे इतिहासाच्या पुस्तकांत मी वाचलं होतं. ज्या व्यक्तीने ऐकलं तिच्या तोंडून, त्याच चालीत ऐकणं निराळं. सत्तेचाळीसच्या भर पावसाळ्यात त्यांची गाडी निघाली, तेव्हा वाटेत एका स्टेशनावर खिडकीतून कुणीतरी बादली आत दिली. कुठलं पाणी हे ओरडून सांगायला त्या दिवशी कुणी नव्हतं. "हमने पी लिया," एवढंच म्हणाल्या. बादली कुणाची होती हे त्यांना माहीत नाही, आणि पुढे विचारावं असा त्यांचा चेहरा नव्हता.

माठावर त्यांनी डंडीवाला लोटा कधीच ठेवला नाही. माठाला तोटी आहे आणि शेजारी स्टीलचा ग्लास आहे. ओंजळीत पाणी द्यायचं नाही, ही त्यांची एकच अट. ज्याने त्याने आपल्या हाताने घ्यायचं, ग्लास विसळून ठेवायचा. आधी प्यालेला कोण, हे मागच्याला माहीत नसतं. मला हे व्याकरण छबीलपेक्षाही आवडतं. देणाराच नाही. आणि देणारा समोर नसला की आभार कुणाचे मानायचे हाही प्रश्न उरत नाही. मराठीत नाहीतरी 'आभारी आहे' हे सभेच्या शेवटी म्हणायचं वाक्य आहे. पाणी पिऊन झाल्यावर आपण फार तर 'बरं वाटलं' म्हणतो.

ग्लास टिकत नाहीत, हा मात्र खरा त्रास. साखळी लावा असं गार्डने सुचवलं. आंटीजींनी ते उडवून लावलं. ज्याने नेला त्याला गरज असेल, म्हणाल्या. मला हे थोडं जास्त उदार वाटतं, आठवड्याला एक म्हणजे गरजेच्या पुढची गोष्ट आहे, पण त्यांच्याशी कोण वाद घालणार. यंदा त्यांचा गुडघा फारच धरलाय. सकाळचं पाणी गार्ड भरतो. मंगळवार आणि शुक्रवारची संध्याकाळ माझ्याकडे आहे, बाकीच्या संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचा कॉलेजात जाणारा मुलगा बघतो. त्याचे वडील समितीत आहेत.

एप्रिलमध्ये ग्लास पुन्हा गेला तेव्हा मी स्वयंपाकघरातला एक नेऊन ठेवला. आईच्या लग्नातल्या सेटमधला, जाड, बुडाला जड. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे त्यावर नाव घातलेलं: आईचं पूर्ण नाव आणि लग्नाचं साल, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. तो आश्चर्यकारकरीत्या टिकला. नाव असलेली वस्तू कुणी नेत नाही, की तो फार जुनाट दिसतो म्हणून, कुणास ठाऊक.

एका शुक्रवारी माठ भरत होते. लाल टी-शर्टातला एक मुलगा पाणी पिऊन ग्लास उजेडात फिरवून बघत होता. लिपी ओळखीची, त्यामुळे त्याने अक्षर अक्षर लावून नाव वाचलं.

"दीदी, ये कौन हैं? इन्हीं का प्याऊ है क्या?"

"मेरी माँ हैं," मी म्हटलं. पुढचं सांगेपर्यंत त्याच्या फोनवर पुढची ऑर्डर वाजली आणि तो गेला.

रात्री आईला फोनवर हे सांगितलं. ती खूप हसली. "अगं, लोक मेल्यावर पाटी लावतात. तू जिवंतपणीच माझ्या नावाची पाणपोई काढलीस होय!"

मग जरा थांबून म्हणाली, "गूळ ठेवतेस ना सोबत? नुसतं पाणी कसं गं देता तुम्ही लोक उन्हातून आलेल्याला?"