वळूला वेसण कोणी घातली?

१/
१९६३. स्पेनमधील कोर्डोबा येथील छोटे रिंगण. झुंजीसाठी पोसलेला वळू समोरच्या माणसावर धावून जातो. त्या माणसाच्या हातात रेडिओ-प्रक्षेपक आहे. वळू अगदी जवळ येताच तो बटण दाबतो. वळू थबकतो आणि बाजूला वळतो. वळूच्या नाकात वेसण नाही. त्याच्या मेंदूत मात्र बारीक तारा बसवलेल्या आहेत. हा धागा त्या काही सेकंदांचा आणि त्यांच्या अर्थावरून झालेल्या वादाचा.

२/
रिंगणातील माणूस म्हणजे येल विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ होसे देल्गादो. जन्म १९१५, रोंडा. स्पेनच्या यादवी युद्धात ते प्रजासत्ताकाच्या बाजूने वैद्यकीय पथकात होते आणि पराभवानंतर काही महिने छावणीत बंदिवान होते. १९४६ मध्ये ते येलला गेले. माणूस माणसावर कसा तुटून पडतो, हे त्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते, डोळ्यांनी पाहिलेले होते.

३/
मेंदूला विजेचा सौम्य झटका देऊन भावना जागवण्याचा प्रयोग त्यांच्या आधीचा. झ्युरिकच्या वॉल्टर हेस यांनी १९२०च्या दशकापासून जाग्या, मोकळ्या फिरणाऱ्या मांजरांच्या मेंदूत बारीक इलेक्ट्रोड बसवले. हायपोथॅलॅमसमधील ठरावीक जागी प्रवाह सोडताच शांत मांजर केस फुलवी, फिसकारे आणि जवळच्या माणसावर पंजा उगारी. प्रवाह थांबला की पुन्हा शांत. १९४९ चे नोबेल पारितोषिक हेस यांना मिळाले. त्या वर्षीचे दुसरे मानकरी होते एगास मोनीझ, मेंदूचे तंतू छेदणाऱ्या लोबोटॉमी शस्त्रक्रियेचे जनक.

४/
परंतु ते मांजर खरोखर रागावले होते का? अमेरिकेतील ज्यूल्स मॅसरमन यांनी १९४१ मध्ये हीच शंका घेतली. त्यांच्या मांजरांपैकी काही, प्रवाह चालू असताना एकीकडे फिसकारत आणि दुसरीकडे दूध चाटत. मॅसरमन यांच्या मते हे रागाचे बाह्य रूप होते, राग नव्हे. हेस यांचे म्हणणे उलट: मांजर नेमके माणसावर झेप घेते, म्हणजे केवळ स्नायू हलत नाहीत, भावनाही हलते. वळूच्या रिंगणात पुढे हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहणार होता.

५/
लोबोटॉमी मेंदूचा भाग कायमचा निकामी करते. देल्गादो यांना परत फिरता येईल असा मार्ग हवा होता. त्यांनी ‘स्टिमोसीव्हर’ घडवला: मेंदूतील संकेत बाहेर पाठवणारे आणि बाहेरून उद्दीपन देणारे छोटे रेडिओयंत्र. त्यामुळे प्राण्याला तारांनी जखडावे लागत नसे.

६/
त्यांच्या माकडांच्या पिंजऱ्यात ‘अली’ नावाचा दांडगा म्होरक्या होता. पिंजऱ्यातच एक कळ बसवली होती. ती दाबली की अलीच्या मेंदूतील कॉडेट न्यूक्लियस उद्दीपित होई आणि त्याचा आक्रमकपणा ओसरे. ‘एल्सा’ नावाच्या माकडिणीला हे उमगले. अली धमकावू लागला की ती कळ दाबी. सत्ता कोणाकडे, याचे उत्तर पिंजऱ्यात बदलले होते.

७/
१७ मे १९६५ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने वळूची बातमी पहिल्या पानावर छापली. बटणाने वश झालेला वळू जगाच्या कल्पनेत शिरला, तो कायमचा. १९६९ मध्ये देल्गादो यांचे ‘फिजिकल कंट्रोल ऑफ द माइंड’ आले. त्यात मेंदूच्या ज्ञानावर उभ्या राहणाऱ्या ‘मनःसुसंस्कृत’ समाजाचे स्वप्न होते.

८/
मात्र त्याच पुस्तकात देल्गादो यांनी वळूविषयी सावधपणे लिहिले आहे. उद्दीपनाने वळूचे शरीर थांबण्यास व एका बाजूला वळण्यास भाग पडले आणि आक्रमणाची ऊर्मीही दबली, असा दोहोंचा मिलाफ त्यांना दिसला होता. यातील पहिला भाग लोकांच्या स्मरणातून गळून पडला.

९/
१९७३ मध्ये मानसशास्त्रज्ञ इलियट व्हॅलेन्स्टाइन यांनी ‘ब्रेन कंट्रोल’ या पुस्तकात नेमके त्यावर बोट ठेवले. कॉडेट न्यूक्लियसचा संबंध हालचालींशी आहे. तेथे प्रवाह सोडला तर जनावर एका बाजूला वळणारच. वळूचा राग विझला की त्याचे पाय वळवले गेले, हे चित्रफितीवरून सांगता येत नाही. चित्रफीत साक्ष देते ती कृतीची. भावना बघणाऱ्याने त्यात भरलेली असते.

१०/
हा काथ्याकूट नव्हे. १९६७ च्या उन्हाळ्यात न्यूअर्क आणि डेट्रॉइटमध्ये दंगली पेटल्या. त्याच वर्षी बॉस्टनच्या मार्क, स्वीट आणि अर्विन या तीन डॉक्टरांनी अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात पत्र लिहिले: दारिद्र्य सर्वांच्या वाट्याला असताना दंगल थोडेच करतात, तेव्हा त्यांच्या मेंदूतील बिघाड शोधायला हवा. राग हा मेंदूतील एक बिंदू ठरला की रागाचे कारण विचारण्याची गरज उरत नाही. काळ्या वस्तीतील घर, पोलीस, बेकारी, सारे नजरेआड होते. १९७०च्या दशकाच्या आरंभी अशा शस्त्रक्रियांविरुद्ध आवाज उठला, तो याच भीतीतून.

११/
देल्गादो १९७४ मध्ये माद्रिदला परतले. फ्रँको तेव्हा हयात होता. मेंदूतील उद्दीपन मात्र कंपवाताच्या उपचारांत रुजले. १९९९ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी एक प्रसंग नोंदवला. कंपवाताच्या ६५ वर्षांच्या रुग्ण स्त्रीच्या मेंदूत एका विशिष्ट जागी प्रवाह सुरू होताच ती रडू लागली. जगणे नकोसे झाले आहे, असे ती म्हणाली. प्रवाह बंद केल्यावर दीड मिनिटाच्या आत ते दुःख ओसरले. त्यानंतर काही मिनिटे ती थट्टामस्करी करत होती.

१२/
म्हणजे तारेने भावना हलतेच. मॅसरमन यांची शंका येथे पुरी पडत नाही. फरक एवढाच की या स्त्रीला बोलता येत होते. आपल्या आत काय चालले आहे, हे ती स्वतः सांगू शकली. वळूला ती सोय नव्हती. म्हणून त्याच्या वतीने आधी देल्गादो बोलले, मग वृत्तपत्र, मग टीकाकार.

१३/
ती जुनी कृष्णधवल चित्रफीत आजही ‘मेंदूवर ताबा’ अशा मथळ्याखाली फिरते. ती समोर आली की वळूच्या पायांकडे नीट पाहावे. तो शांत उभा राहतो की एका बाजूला वळतो? आणि त्याच्या रागाविषयी जे सांगितले जाते, ते सांगणारा कोण, हेही विचारावे. दंगलीतल्या माणसांना तर बोलता येत होते. त्यांना कोणी विचारले होते का?

(धागा समाप्त)