घोडनदीचा सायब

“असं काही नाहीये, आजी. मी आत्ताच शोधलं.”

हे मी म्हणालो जुलै २०२४ मध्ये. सुट्टीला गावी आलो होतो, ओट्यावर बसलो होतो, हातात फोन. आमचं गाव दौंड तालुक्यात, केडगावच्या जवळ. आजीचं माहेर शिरूरचं. पण ती शिरूर म्हणत नाही, घोडनदी म्हणते. लग्न होऊन ती न्हावरे-चौफुला रस्त्याने इकडे आली आणि तेव्हापासून तिच्या सगळ्या गोष्टी त्याच रस्त्याने उलट्या जातात. त्यातली एक सायबाच्या थडग्याची. घोडनदीला एका गोऱ्या सायबाचं थडगं आहे, लोक त्याला सतपुरुष म्हणायचे आणि सुगीला तिचा बाप पहिलं धान्य तिथं ठेवून मगच बाकीचं घरात आणायचा.

लहानपणी ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली असेल. इंजिनिअर झाल्यावर तपासायची खुमखुमी आली. इंग्रजीत ‘शिरूर टूम्ब’ टाइप केलं. १६ जुलैला कर्नाटकात अंकोल्याजवळच्या शिरूरला दरड कोसळली होती, त्यामुळे सगळं पान त्याच बातम्यांनी भरलेलं. खाली बीडचं शिरूर कासार, लातूरचं शिरूर अनंतपाळ. आमच्या शिरूरचं म्हणाल तर रांजणगाव एमआयडीसीतल्या नोकऱ्या आणि एनए प्लॉट. दोन मिनिटं स्क्रोल केलं आणि निकाल देऊन टाकला.

आजी नुसतं “बरं” म्हणाली. नंतर तिने ती गोष्ट सांगणंच सोडलं. दिवाळीत माझ्या चुलत बहिणीच्या मुलीने हट्ट केला तर तिला म्हणाली, “मामाला इचार. त्याच्या फोनमधी न्हाई ती.”

हे लागलं. कारण मी पोटापाण्यासाठी दिवसभर दुसरं काय करतो? कोड फुटला की एरर मेसेज जसाच्या तसा उचलायचा, अवतरणचिन्हांत टाकायचा आणि शोधायचा. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की भलतंच काहीतरी सापडतं, हे मला पक्कं माहीत आहे. कंपनीच्या कोडसाठी एवढी काळजी, आणि आजीसाठी दोन ढोबळ शब्द. तिचा ‘सतपुरुष’ तर मी टाइपसुद्धा केला नव्हता.

पुढे हिवाळ्यात दौंड स्टेशनवर पुण्याच्या गाडीची वाट बघत होतो. आमच्या ग्रुपवर एक रेल्वेवेडा मित्र आहे, त्याने जुना नकाशा टाकला. त्यात दौंड नव्हतंच. मनमाडची लाइन जिथून फुटते, बरोबर तिथे इंग्रजीत ‘धोंड’ लिहिलेलं. डी, एच, ओ, एन, डी. साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. ही लाइन १८७८ मध्ये सुरू झाली ती धोंड-मनमाड या नावानेच. मी ज्या स्टेशनवर उभा होतो त्याचं नाव कागदावर वेगळंच होतं. मग शिरूरचं काय असेल?

मधला एच काढला. ‘सिरूर’. सर्चने लगेच शहाणपणा केला: तुम्हाला शिरूर म्हणायचं असेल. आणि पुन्हा प्लॉट.

हा शहाणपणा बंद करता येतो, पण फोनवर तो पर्याय लपलेला असतो. ऑल, इमेजेस, न्यूज अशी पट्टी असते ना, ती सरकवत अगदी शेवटाला गेलं की सर्च टूल्स सापडतं. त्यात ‘ऑल रिझल्ट्स’च्या जागी ‘व्हर्बेटिम’ निवडायचं. म्हणजे मी लिहिलंय तेच शोध, सुधारणा नको. शिवाय शब्द दुहेरी अवतरणचिन्हांत टाकायचा. नको असलेल्या शब्दाआधी वजाचं चिन्ह, मध्ये जागा न सोडता. मी कर्नाटक वजा केलं. (वडिलांना सातबारा लागतो तेव्हा मी ‘साइट’, कोलन आणि पुढे जीओव्ही डॉट इन असं इंग्रजीत जोडतो. एजंटांच्या वेबसाइट आपोआप गळतात.) मग पुण्याचंही जुनं स्पेलिंग घातलं, ‘पूना’. आणि शेवटी अवतरणचिन्हांत आजीचा शब्द, दोन तुकडे करून, सत आणि पुरुष.

आलं. बॉम्बे प्रेसिडेन्सीच्या गॅझेटियरचा अठरावा खंड, पुणे जिल्हा, १८८५. कर्नल वॉलेस, मृत्यू १८०९, थडगं सिरूरला. लोक त्याला सतपुरुष मानतात आणि सुगीला पहिल्या धान्याचा नैवेद्य दाखवतात. सरकारी इंग्रजीत, एकदम कोरडं. आजीची गोष्ट, तिच्या जन्माच्या कितीतरी आधी छापलेली.

गंमत म्हणजे हे अजिबात लपलेलं नव्हतं. पुस्तक स्कॅन होऊन कित्येक वर्षं झालीत, कुणालाही फुकट वाचता येतं. ते फक्त ‘शिरूर’ या नावाला ओ देत नव्हतं.

फलाटावरूनच घरी फोन लावला. आईने तो आजीच्या कानाला धरला. मी ओरडून ओरडून वाचत होतो, वाचता वाचता मराठी करत होतो. शेजारच्या बाकावरचे काका हातातला वडापाव तसाच धरून ऐकत होते.

“मंग? मी खोटं बोलत हुते व्हय?” आजी म्हणाली.

“नाही गं. माझं चुकलं.”

“नाव काय म्हनलास त्येचं?”

“वॉलेस.”

तिने ते दोन-तीनदा पुटपुटून बघितलं. जमलं नाही. “आमी सायबच म्हनायचो,” म्हणाली. मग विचारलं, “आन् बुकात धान्य कंचं लिवलंय?”

मी परत बघितलं. नुसतं धान्य असं होतं.

“जोंधळा,” ती म्हणाली. “आमच्या घरनं जोंधळाच जायचा. लिवून ठेव.”