भंगाराची वाघीण

मालगाडीच्या डब्याला मराठीत 'वाघीण' म्हणतात. केडगावच्या आमच्या घरी टेबलावर अशी एक वाघीण उभी आहे. लांबी साधारण ११ सेंटिमीटर. पुण्याला कोथरूडमध्ये बी. एस. जोशी यांचे १९९८ साली खुले झालेले लघुरेल्वे संग्रहालय पाहिले आणि हा छंद आम्हांला जडला. या वाघिणीत भंगार भरायचे होते, आणि ते खरे दिसायला हवे होते.

खऱ्या भंगाराची वानवा नव्हती. वडील नगरच्या एका कारखान्यात लेथवर होते. निवृत्तीच्या दिवशी शेवटच्या कामाचा थोडा लोखंडी कीस त्यांनी डबीत भरून आणला होता. तोच या वाघिणीत घालावा, असे मनात होते.

ते जमले नाही. 'एचओ' या मापात प्रतिकृती मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढी असते. त्यामुळे २ सेंटिमीटरचे वेटोळे तेथे पावणेदोन मीटरचे झाले. भंगाराऐवजी अजगर पहुडल्यासारखा दिसू लागला. शिवाय लोखंडाचे कण मोटारीच्या चुंबकाला चिकटतात आणि रुळांवर सांडले तर शॉर्ट सर्किटची भीती असते.

अखेर थर्माकोलचा तुकडा कापून वाघिणीत बसवला. थिनरने थर्माकोल विरघळतो, म्हणून तो पाण्यात कालवलेल्या काळ्या रंगाने रंगवला. त्यावर गोळ्यांच्या पाकिटांचा चुरगाळलेला चंदेरी कागद, पुठ्ठ्याचे 'पत्रे' आणि तारेचे बारीक तुकडे पातळ फेव्हिकॉलने चिकटवले. वर गेरू भुरभुरला. गेरूचा रंगही लोहाच्या ऑक्साइडचाच, म्हणजे गंजाचा भाऊबंदच. हा सगळा खोटा ऐवज अगदी भंगार दिसू लागला.

'सर, हे खरंच घडलं होतं,' असे कथा दाखवायला आलेले विद्यार्थी म्हणतात. 'घडले असेल, पण कथेच्या मापात बसते का?' असे आम्ही वर्षानुवर्षे विचारत आलो. वडिलांवर लिहायला घेतलेला आमचा लेख मात्र तीन वर्षे अर्धवट पडून आहे. त्यात सगळे खरे आहे: तारखा, पगार, तळहातावरचे चटके. तरी वडील त्यात दिसत नाहीत. एकही तपशील गाळायला आमचे मन धजावले नव्हते.

त्या रात्री लेख पुन्हा काढला आणि पहिली दोन पाने खोडली. डबी कपाटात आहे. ती भंगारात जाणार नाही, आणि वाघिणीतही नाही.