कुरकुरणारे लाकूड

राजूरला आमची छोटीशी आरागिरणी आहे, असे सांगितले की पुण्यामुंबईचे पाहुणे विचारतात, "कोळशाच्या गावात लाकडाचा धंदा?" त्यांना काय ठाऊक, भूमिगत खाणीचे छत पूर्वी लाकडी टेकूंवर उभे असे! लाकडाचा गुण असा, की मोडण्यापूर्वी ते कुरकुरते. तेवढ्यात माणूस बाहेर पळतो.

१९७३ साली कोळसाखाणी सरकारी झाल्या. तिथले पगार वाढले आणि आमचे मजूर एकेक करून तिकडे गेले. मग टेकूंच्या जागी पोलादी बोल्ट आले. उघड्या खाणींना तर टेकू लागतच नाहीत. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने वृक्षतोडीवरचे निर्बंध कडक झाले. सागवान महागले, गिऱ्हाईक प्लायवूडकडे वळले.

राहिले आमचे म्हातारे मिस्त्री. परवा म्हणाले, "मालक, पोराले वणीच्या दुकानात लावलं."

"बरं केलंत," मी म्हटले. पण घशात काहीतरी अडकले. "मिस्त्री, आपली गिरणीही कुरकुरू लागली म्हणायची!"

ते हसले. "कुरकुर ऐकू येते तवर पळून जायाले वेळ असते, मालक."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही दोघेही गिरणीत हजर!